कुबडी वाटू नका, मापून द्या

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत चालण्याची साधने खरेदी करणारे अधिकारी, ती वाटणारे लोकप्रतिनिधी आणि शिबिरांचे आयोजक

स. न. वि. वि.

पायाला दुखापत झालेल्या माणसांसाठी कुबड्या, काठ्या, वॉकर आणि कॅलिपर (पायाला बांधायचा आधाराचा सांगाडा) मोजणे, बसवणे आणि मोडल्यावर दुरुस्त करणे हे आमचे रोजचे काम आहे. आमच्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवणारे कारागीर आहेत, पाइप वाकवणारे फॅब्रिकेटर आहेत. यंदाच्या वाटपासाठी एका जिल्ह्यात तयार झालेले खरेदीपत्रक आमच्या पाहण्यात आले. कुबडीपुढे त्यात एवढेच लिहिले आहे: ‘ॲल्युमिनियम, काखेची, उंची कमी-जास्त होणारी, मध्यम आकार.’ त्यापुढे नग आणि दर. याच मजकुराची पत्रके इतर ठिकाणीही वर्षानुवर्षे निघत आली आहेत. म्हणून हे पत्र एका कार्यालयाला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहोत. उघडपणे लिहीत आहोत, कारण ज्यांच्या काखेत ही कुबडी जाणार आहे त्यांनाही ते वाचता यावे.

आधी ‘मध्यम आकार’ या दोन शब्दांबद्दल.

काखेच्या कुबडीची लांबी ठरवण्याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. माणसाच्या उंचीतून १६ इंच वजा करायचे. बाजारात मध्यम म्हणून मिळणारी कुबडी साधारण ४५ ते ५३ इंचांच्या दरम्यान कमी-जास्त होते. म्हणजे ५ फूट १ इंचाच्या खालच्या कोणालाही ती बसत नाही. खुरपायला, कापूस वेचायला, ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्याकडच्या बायांमध्ये ५ फूट १ इंचाच्या आतल्या कितीतरी आहेत. ४ फूट १० इंच उंचीच्या बाईला ४२ इंचांची कुबडी लागते. तिला मध्यम कुबडी दिली की बटण सगळ्यात कमी उंचीच्या छिद्रात बसवूनही ती ३ इंच उंचच राहते. काख आणि कुबडीची गादी यांच्यात २ इंच, म्हणजे आडवी तीन बोटे सहज जातील एवढी मोकळी जागा हवी असते. ती जागा तर गेलीच, शिवाय प्रत्येक पावलाला खांदा इंचभर वर रेटला जातो.

याचा परिणाम नुसत्या दुखण्यावर थांबत नाही. हाताकडे जाणाऱ्या नसा काखेतून जातात. गादीवर लटकून चालले की त्यातली रेडियल नस दबते. आधी अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या येतात, मग मनगट वर उचलेनासे होते आणि हात मनगटातून लोंबतो. बहुतेकांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. पण तेवढा काळ त्या हाताने भाकरी थापता येत नाही, बादली उचलता येत नाही आणि कुबडीही धरता येत नाही. मोडलेला पाय जुळेपर्यंत ज्या हातांवर चालायचे, त्यातलाच एक गेलेला असतो.

काख सोलायला लागली की घरातले लोक गादीवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे कुबडी आणखी इंचभर उंच होते आणि नसेवरचा दाब वाढतो. गादी ही टेकायची जागा नाही, ती फासळ्यांशी दाबून धरायची असते. अंगाचे सगळे वजन तळहातांवर घ्यायचे असते. एवढे एक वाक्य कुबडी देताना सांगितले गेले तरी कितीतरी मनगटे वाचतील.

मापायला पाच मिनिटे लागतात. माणूस रोज जी चप्पल घालतो ती पायात हवी. भिंतीला पाठ लावून उभे करावे. कुबडीचे टोक पायाच्या बोटांपासून ६ इंच पुढे आणि ६ इंच बाहेर ठेवावे. मग काखेखालची तीन बोटांची जागा तपासावी. हात मोकळा सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ हवी. मूठ धरल्यावर कोपर थोडे, २० ते ३० अंश, वाकलेले दिसले पाहिजे. कोपर सरळ राहिले तर मूठ खाली गेली आहे. जास्त वाकले तर ती वर आहे आणि दंड लवकर थकतील. ज्याला उभे राहताच येत नाही त्याला खाटेवर झोपवून काखेच्या पुढच्या घडीपासून टाचेपर्यंत टेप लावावा आणि त्यात २ इंच मिळवावेत. शेवटी दोन्ही कुबड्यांची बटणे छिद्रातून पूर्ण बाहेर आली आहेत का ते अंगठ्याने चाचपावे. अर्धवट अडकलेले बटण पहिल्या पायरीवर सुटते.

म्हणून पत्रकातली ओळ अशी असायला हवी: दर १० जोड्यांत ३७ ते ४५ इंचांच्या ४, ४५ ते ५३ इंचांच्या ५ आणि त्याहून मोठ्या मापाची १ जोडी. मुलांसाठीच्या जोड्या वेगळ्या. हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. पहिल्या वर्षी ज्यांना साधने दिली त्यांच्या उंचीची नोंद ठेवली, तर पुढच्या वर्षी आपल्या तालुक्याचे खरे प्रमाण आपल्याच वहीत सापडेल.

आता जमिनीबद्दल. या पत्राचे मुख्य दुखणे आमच्या दृष्टीने हेच आहे.

कुबडीची रचना सपाट, कोरड्या, कडक फरशीसाठी झालेली आहे. आपला माणूस चालतो काळ्या रानातून, पांदण रस्त्याने, मुरमाच्या सडकेवरून, शेणाने सारवलेल्या वसरीतून आणि न्हाणीतल्या ओल्या शहाबादी फरशीवरून. दुखरा पाय अजिबात टेकवायचा नसेल तेव्हा पुढे जाताना अंगाचे पूर्ण वजन दोन कुबड्यांवर येते. ६० किलोच्या माणसाचे प्रत्येक कुबडीवर ३० किलो. टोकाचे रबरी बूच ४ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्याचा तळ साडेबारा चौरस सेंटिमीटर भरतो, आणि जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ अडीच किलो दाब पडतो. पावसाळ्यात भिजलेली काळी माती एवढा दाब पेलत नाही. टोक आत रुतते, माणूस पुढे झुकलेला असतो, कुबडी मागे अडकते. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात. काही भेगांत मूठ जाते, तिथे ४ सेंटिमीटरचे टोक जायला कितीसा वेळ लागतो?

व्यास दुप्पट केला, म्हणजे ८ सेंटिमीटर, तर तळ चौपट होतो आणि दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. हे गणित सोपे आहे, पण एवढ्यावर काम भागत नाही. काळी माती चिकट आहे. रुंद तळाला खाचा असतील तर दहा पावलांत त्यावर चिखलाचा गोळा जमतो आणि कुबडी जड होऊन घसरू लागते. म्हणून रानासाठीचा तळ रुंद, गुळगुळीत आणि किंचित फुगीर हवा, चिखल काठीने खरवडून काढता येईल असा. तो नळीला घट्ट जखडलेला नको. पाऊल टाकताना कुबडी तिरपी होते तेव्हा तळ जमिनीला सपाट टेकून राहिला पाहिजे, म्हणजे मधला रबरी सांधा लवचीक हवा. आणि घरात आल्यावर तो काढून साधे बूच लावता आले पाहिजे, कारण ओल्या फरशीवर गुळगुळीत तळ धोक्याचा. दोन टोके, एक नळी, अदलाबदल करायला अर्धा मिनिट. अशी जोडणी आपल्या तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये होऊ शकते. त्यासाठी परदेशी तंत्र लागत नाही, कोणीतरी ती मागावी लागते.

साध्या बुचातही दोन खोड्या आहेत. पहिली म्हणजे त्याच्या पोटात लोखंडी वायसर नसतो. ॲल्युमिनियम नळीची कड धारदार असते. ती रबराला आतून गोल कापत जाते. बाहेरून बूच धड दिसते आणि एक दिवस नळी तळ फोडून खाली येते. उघडा धातू ओल्या शहाबादीवर टेकला की माणूस पडलाच, आणि बहुधा त्याच मोडलेल्या पायावर. नळीच्या तोंडाएवढा एक वायसर बुचात टाकला की हे टळते. वायसर काही रुपयांना मिळतो. दुसरी खोड म्हणजे स्वस्त बुचे रबराची नसून कडक प्लास्टिकची असतात. ती उन्हात आणखी टणक होतात. खरेदीच्या वेळी नखाने दाबून पाहावे, रबर दबून परत वर आले पाहिजे. प्रत्येक जोडीबरोबर वायसरसह चार बुचे जादा द्यावीत. चालणाऱ्या माणसाची बुचे काही महिन्यांत झिजतात, आणि गावच्या दुकानात त्या मापाचे बूच मिळत नाही.

मुठीकडे तर कोणाचेच लक्ष नाही. वजन तळहातावर घ्या असे आम्ही सांगतो, पण तळहाताखाली काय असते? बारीक, कडक प्लास्टिकची दांडी किंवा स्पंजची नळी. बारीक दांडीने तळहाताच्या बुडाशी असलेल्या नसा दबतात, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. स्पंज घाम पितो, कुजतो, फाटतो आणि मुठीतल्या मुठीत फिरू लागतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर असताना कुबडी उन्हात उभी करून ठेवली तर नळीला हात लावता येत नाही. मूठ जाड हवी, तळहाताचा मागचा भाग टेकेल अशी मागून किंचित रुंद, धुता येईल अशा मऊ रबराची. ती येईपर्यंतचा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची इंचभर रुंदीची पट्टी ताणून गुंडाळणे आणि तिच्यावर सुती फडक्याचा एक थर, जो रोज सोडून धुता येतो. मुठीचा बोल्ट हाताने फिरवायच्या पंखाच्या नटाने आवळलेला असतो. तो चालून चालून सैल होतो आणि मूठ कलते. माप एकदा ठरले की तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेला आणि सैल न होणारा नट, लावावा.

घराच्या आत काय होते, तेही पाहा.

वॉकर हे चांगले साधन आहे, पण ते सपाट घरासाठी आहे. चार पायांपैकी एक अधांतरी राहिला की वॉकर डुगडुगतो, म्हणून रानात तो निरुपयोगी. आणि घरात तरी? साध्या वॉकरची खालची रुंदी दोन फुटांच्या आसपास असते. शौचालयाचे दार कितीतरी ठिकाणी तेवढेच किंवा त्याहून अरुंद असते, दाराला उंबरठा असतो आणि बाहेर पायरी. वॉकर बाहेर ठेवून माणूस भिंत धरत आत जातो. नेमके तिथेच, ओल्या जागी, आधाराशिवाय. जुन्या माळवदाच्या घरांत ढाळजेतून आत येताना दोन-तीन उंबरठे लागतात. त्यामुळे वॉकर देण्याआधी घरच्या माणसाला एकच काम सांगा: दोरी घेऊन सगळ्यात अरुंद दाराचे माप गाठ मारून आणा. ज्या दारातून वॉकर जात नाही तिथे कुबडी द्या, किंवा अरुंद बनावटीचा वॉकर द्या.

पायात सळी टाकलेल्या किंवा गुडघा आखडलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही, आणि आपल्याकडे शौचालय भारतीय बैठकीचे. यावर उपाय आहे आणि तो फॅब्रिकेटरच्या दुकानात तयार होतो. भांड्यावर ठेवायचा भोकाचा स्टूल. एक इंची, १६ गेजचा पाइप, बैठक १७ ते १८ इंच उंच, पुढून उघडी म्हणजे पाणी घेता येते, दोन्ही बाजूंना उठताना धरायला दांड्या, पायांना रबरी बुचे. पाय किंचित बाहेर झुकलेले हवेत, नाहीतर एका बाजूने जोर दिला की स्टूल उलटतो. ॲसिड टाकून शौचालय धुतले जाते, त्यामुळे नुसता रंग टिकत नाही, पावडर कोटिंग करून घ्यावे. वाटपाच्या याद्यांमध्ये हा स्टूल आम्हाला क्वचितच दिसतो. पायाच्या रुग्णाला, विशेषतः बाईला, त्याची गरज पहिल्या दिवसापासून असते. तो नसल्यामुळे बाया पाणी आणि जेवण कमी करतात, हे या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

चाकाच्या खुर्चीबद्दल थोडक्यात. पूर्ण पायाचे प्लास्टर असलेल्या माणसाला पाय वर उचलून ठेवता येईल असे पायदान लागते, नाहीतर पाय लोंबकळून सुजतो. मांडीतून पाय कापलेल्या माणसाच्या खुर्चीचे मागचे चाक थोडे मागे बसवावे लागते, कारण पुढचे वजन कमी झाल्याने साधी खुर्ची चढावर मागे कलंडते. पुढची बारीक टणक चाके मुरमात रुतून बसतात. ही माहिती नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये चाकाच्या खुर्चीसाठी आठ पायऱ्या लिहून दिल्या आहेत, आणि नोंदणी, तपासणी, निवड यांपासून बसवून पाहणे, शिकवणे आणि नंतर दुरुस्ती करणे इथपर्यंत सगळे त्यात येते. आपल्या शिबिरांत या आठांपैकी बहुतेक वेळा वस्तू हाती देणे एवढेच होते.

पायाच्या पंज्याबद्दलही सांगितले पाहिजे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, हाडाचा एक गाठीसारखा उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस पंज्याकडे जाते. तिथे कोयत्याचा घाव लागला, हाड मोडले किंवा प्लास्टर घट्ट बसले, तर पंजा लोंबतो आणि चालताना अंगठा जमिनीला घासतो. यासाठी पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची मोल्डेड पट्टी लागते. पोटरीच्या मागून तळव्याखाली येणारी. ती प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेऊन त्या माणसाच्याच पायाची बनवावी लागते. तयार ‘उजवा मध्यम’ कोणाच्याच पायाला नीट बसत नाही. ती बसवल्यावर पहिल्या दिवशी तासाभराने काढून पाहावे. त्वचा लाल झाली असेल आणि लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागी पट्टी गरम करून फुगवावी लागते. ज्याच्या पायाला स्पर्श कळत नाही त्याला टोचलेलेही कळत नाही, त्याच्या बाबतीत हे चुकवून चालत नाही. आणखी एक साधी गोष्ट म्हणजे ही पट्टी चपलेत टिकत नाही. मागे पट्टा असलेला, एक माप मोठा सँडल सोबत द्यावा लागतो. तो दिला नाही की पट्टी खुंटीला टांगली जाते, आणि मग ‘लोक वापरत नाहीत’ असा शेरा लिहिला जातो.

आपल्या जमिनीसाठी साधन घडवता येते याचा दाखला देशातच आहे. जयपूर फूट रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी मिळून घडवला. अनवाणी चालता यावे, चिखलात जाता यावे, उकिडवे आणि मांडी घालून बसता यावे, हे धरूनच तो रबराचा पंजा बनला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पंज्यामागचा विचार कुबडीच्या टोकापर्यंत अजून आलेला नाही.

आता नियमांतली एक मोठी फट. दिव्यांग हक्क कायदा २०१६ दीर्घकालीन दोषाबद्दल बोलतो, आणि साधनांच्या योजनांसाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. अ‍ॅलिम्को ही अशी साधने बनवणारी केंद्र सरकारची कंपनी १९७२ पासून आहे, साधने देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, त्या त्यांचे काम करतात. पण दुचाकीवरून पडून नडगीचे हाड मोडलेला माणूस, ट्रॉलीवरून पडलेला ऊसतोड मजूर, रोटाव्हेटरमध्ये पाय गेलेला पण पाय वाचलेला शेतकरी यात कुठेच बसत नाही. नडगीचे हाड जुळायला चार ते सहा महिने लागू शकतात. शेतकरी अपघात योजनेत पाय गेला तर १ लाख रुपये आहेत, पाय मोडला तर काही नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्यांना ३,००० रुपये मिळतात. पण काठी किती उंचीची घ्यायची आणि कोणत्या हातात धरायची हे सांगणारे कोणी त्यासोबत येत नाही. (दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि खुब्यावरचे वजन कमी होत नाही.)

मग हा मोडलेल्या पायाचा माणूस काय करतो? शेजारच्या गावातून कोणाची तरी कुबडी उसनी आणतो. ती दुसऱ्याच्या मापाची असते, बुचे झिजलेली असतात. उसनी आणण्याची रीत चांगली आहे. तिलाच नीट रूप द्या, एवढे आमचे म्हणणे आहे. ग्रामीण रुग्णालयात साधनांची उसनवार पेढी सुरू करता येईल. सुरुवातीला तीन मापांच्या ३० जोड्या कुबड्या, १० कोपराच्या (काखेऐवजी कोपराखाली पट्टा असलेल्या) कुबड्यांच्या जोड्या, ६ वॉकर, ६ शौचालयाचे स्टूल, पाय उचलता येणाऱ्या २ खुर्च्या. अनामत घ्यावी, परत आल्यावर पूर्ण द्यावी. परत आलेली कुबडी साबणाने धुवावी, बुचे बदलावीत, छिद्रांभोवती बारीक चीर गेली आहे का ते उजेडात पाहावे. ॲल्युमिनियम नेहमी छिद्रापाशीच तडकते, आणि गावातल्या साध्या वेल्डिंग मशीनवर ते जुळत नाही. तडकलेली नळी बाद करावी, आत लाकडाचा तुकडा ठोकून पुन्हा देऊ नये. यासाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी आहे. ग्रामपंचायतींच्या ५ टक्के दिव्यांग निधीला हात लावायची गरज नाही, तो ज्यांचा आहे त्यांच्याकडेच राहू द्या.

आणि शिकवणे. कुबडी हाती देणे आणि कुबडीवर चालायला शिकवणे यांत वीस मिनिटांचा फरक आहे. उठताना दोन्ही कुबड्या एका हातात, दुसरा हात खाटेवर. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. एसटीच्या पहिल्या पायरीला एक हात दांडीवर, दोन्ही कुबड्या दुसऱ्या काखेत. पाणी आणायला हात मोकळे नसतात, तेव्हा गळ्यात आडवी झोळी आणि तिच्यात झाकणाची बाटली. कुबडीला पिशवी अडकवू नये, ती झुलते आणि तोल जातो. डॉक्टर ‘थोडे वजन टाका’ म्हणतात, पण थोडे म्हणजे किती हे कळायला वजनकाटा लागतो. दोन कुबड्यांवर उभे राहून दुखरा पाय काट्यावर ठेवायचा आणि सांगितलेल्या किलोपर्यंत दाबून तो जोर लक्षात ठेवायचा. दोन-चार वेळा केले की अंदाज बसतो. हे सगळे आशाताईंना आणि रुग्णालयातल्या परिचारिकांना एका दिवसात शिकवता येते.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची माणसे कारखान्यांवर जातात आणि पाचटाच्या कोप्यांत राहतात. पाय तिकडे मोडतो, प्लास्टर तिकडे होते आणि पुढची तपासणी कुठेच होत नाही. शिबिर गावात भरते तेव्हा गाव रिकामे असते. वाटपाची तारीख ठरवताना हंगाम पाहा.

आमच्या मागण्या:

१. चालू खरेदीचा आदेश निघण्याआधी पत्रकातील कुबडीची ओळ बदलावी. मापांचे प्रमाण, वायसरसह खरे रबरी बूच, चार जादा बुचे, धुता येणारी जाड मूठ आणि सुटे भाग वर्षभर पुरवण्याची अट त्यात लिहावी.

२. नमुना कार्यालयाच्या फरशीवर तपासू नये. ओली काळी माती, मुरूम, सारवलेली जमीन, ओली शहाबादी आणि एसटीच्या उंचीची पायरी अशा पाच जागा आखून, दोन उंचींच्या वापरकर्त्यांकडून तपासून घ्यावा. त्यात एक बाई असावी, आणि वापरकर्त्यांचे मत निवडीत धरले जावे. तोल सांभाळायला शेजारी माणूस हवा, हेही लक्षात ठेवावे.

३. मापाची पट्टी भरल्याशिवाय कोणालाही साधन देऊ नये. पट्टीत उंची, वापरलेले छिद्र, मुठीची उंची, दाराची रुंदी आणि देणाऱ्याची सही असावी.

४. कायम कुबडी लागणाऱ्यांना काखेच्या कुबडीऐवजी कोपराची कुबडी निवडता यावी. तिचा पट्टा कोपराच्या खाली इंच-दीड इंच बसतो का ते पाहावे, आणि पट्टा पुढून उघडा असावा.

५. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात उसनवार पेढी सुरू करावी, प्रमाणपत्राची अट न घालता.

६. शौचालयाचा स्टूल वाटपाच्या यादीत घ्यावा आणि तो स्थानिक फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावा.

७. साधन दिल्यापासून सहाव्या आठवड्यात एकदा फेरतपासणी व्हावी. तिथे बूच, नट, काख, तळहात आणि त्वचा एवढेच पाहायचे आहे.

८. रुंद, काढता-घालता येणाऱ्या टोकाचे काम जिल्ह्यातील आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना द्यावे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते रानात चालवून पाहावे.

मापाच्या पट्टीचा नमुना, स्टुलाचे कटिंगचे माप आणि आशाताईंसाठीचे एक दिवसाचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला द्यायला तयार आहोत. पाच जागांची चाचणी कुठे आणि कधी घ्यायची ते कळवा, नमुने घेऊन येऊ.

आपले,
मराठवाड्यातील काही फिजिओथेरपिस्ट, कॅलिपर व कृत्रिम पायांचे कारागीर आणि फॅब्रिकेटर